आधी बूट, मग रॅकेट

‘कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही’ हा वाक्प्रचार आपण गोंधळ माजला की सहज वापरतो. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे मला तो विशेष आवडतो, कारण त्यातला ‘पायपोस’ हा मुळात फारसीतला ‘पापोश’. पा म्हणजे पाय आणि पोश म्हणजे झाकणारा. मराठीने हा शब्द घेतला आणि त्यातल्या ‘पा’चा आपल्या सवयीने ‘पाय’ करून टाकला. पायातला मोजाही फारसीतूनच आला. म्हणजे पायांच्या बाबतीत या भाषांचे फार पूर्वीपासून जमले आहे. पण आज मला भाषेविषयी नाही, खऱ्याखुऱ्या पायपोसाविषयी लिहायचे आहे. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत पॅडेल नावाचा खेळ आला आहे. त्याच्या कोर्टवर कधी गेलात तर खेळणाऱ्या चौघांच्या पायांकडे बघा. एकाच्या पायात सकाळी पळायला जाण्याचे बूट, दुसऱ्याच्या पायात बॅडमिंटनचे, तिसरा फुटबॉलचे खिळेवाले बूट घालून आलेला आणि चौथा कॉलेजात घालतो तेच पांढरे स्नीकर घालून. हातात मात्र चौघांच्याही झकास रॅकेट.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. हा क्रम उलटा आहे. पॅडेल खेळायचे असेल तर पहिला खर्च बुटांवर करावा. रॅकेट भाड्याने मिळते, मैत्रिणीची मागून घेता येते. पाय मागून घेता येत नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घरी भिंतींनी वेढलेले एक छोटे कोर्ट बांधले. तिथून हा खेळ सुरू झाला. १९७४ मध्ये आल्फोन्सो होहेनलोहे यांनी तो स्पेनमध्ये मार्बेयाला नेला आणि पुढे स्पेन व अर्जेंटिना या दोन देशांनी त्याला अक्षरशः डोक्यावर घेतले. आंतरराष्ट्रीय महासंघ १९९१ मध्ये स्थापन झाला. कोर्ट २० मीटर लांब, १० मीटर रुंद. मागच्या बाजूला काचेची भिंत, बाजूला काच आणि जाळी. खेळतात चौघे, दोघे अलीकडे आणि दोघे पलीकडे. गुण टेनिससारखेच मोजतात, पण सर्व्हिस कंबरेच्या खालून करायची असते, त्यामुळे नवख्या माणसालाही ती जमते. रॅकेटला तारा नसतात, भोके असतात. चेंडू जमिनीवर एक टप्पा घेऊन मागच्या काचेवर आदळला तरी खेळ संपत नाही, काचेवरून परत येताना तो मारता येतो. हीच या खेळाची गंमत आणि पायांच्या दृष्टीने हीच त्याची परीक्षा.

कारण या खेळात सरळ रेषेत धावणे फार थोडे असते. जाळीपाशी दोन पावले पुढे, मग पटकन मागे, डावीकडे एक लांब पाऊल, चेंडू काचेकडे गेला की जागच्या जागी गिरकी, पुन्हा पुढे. एकेका गुणासाठी पाय पाच-सहा वेळा दिशा बदलतात. बुटाची निवड या एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, पण दुकानात ती कुणी विचारत नाही.

आमच्या शाळेतल्या आम्ही काही शिक्षिका गेल्या वर्षापासून रविवारी सकाळी खेळायला जातो. चौघींचा खेळ, त्यामुळे कोर्टचे भाडे चौघींत वाटले जाते. तास दीड तास हसतखेळत निघून जातो. आमच्यापैकी बहुतेकींनी शाळा सुटल्यानंतर कुठलाही खेळ खेळलेला नव्हता. बीएडला शारीरिक शिक्षणाचा तास होता, तोही वहीत पूर्ण करण्यापुरता. चाळिशीत पुन्हा घाम येईपर्यंत पळायला मिळणे म्हणजे काय, हे ज्या बाईने वीस वर्षे फक्त बस पकडण्यासाठी पळून पाहिले आहे तिलाच कळेल.

आमच्यातली एक आपा तिसऱ्याच रविवारी पडली. डावीकडचा चेंडू घ्यायला तिने झेप घेतली, पाय जमिनीवर टेकला, पण बुटाचा जाड मऊ सोल बाहेरच्या बाजूने दबला आणि घोटा आत वळला. हाड मोडले नाही, पण घोट्याच्या बाहेरचे अस्थिबंध ताणले गेले. आधी बर्फ, मग पट्टी, मग सहा आठवडे लंगडत वर्गात जाणे. तिच्या पायात तिच्या मुलाने वाढदिवसाला दिलेले चांगले महागडे बूट होते, पण ते पळण्याचे.

दुखापत सहा आठवड्यांत बरी झाली. त्यानंतर जे झाले ते अजून बरे झालेले नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, “या वयात कशाला हे उद्योग?” सासूबाई म्हणाल्या, “बेटा, बायकांची हाडं चाळिशीनंतर नाजूक होतात.” शेजारच्या भाभी म्हणाल्या, “घरी योगा करायचा होता ना.” तिच्या शौहरने तसे काही म्हटले नाही, पण पुढच्या रविवारी आम्ही तिला आणायला गेलो तेव्हा हसून म्हणाले, “आता राहू द्या, आपा.” बुटाचे नाव कुणीही काढले नाही. सगळा दोष तिच्या वयावर, तिच्या बाई असण्यावर आणि तिच्या हौसेवर गेला.

मला हा विषय लिहिण्याजोगा वाटतो तो यामुळे. पंचविशीतला तरुण घसरून पडला तर लोक म्हणतात, “पुढच्या वेळी नीट बूट घाल.” चाळिशीतली बाई पडली तर म्हणतात, “पुढच्या वेळी जाऊच नको.” चुकीच्या बुटाची किंमत दोघांना सारखी पडत नाही. ज्यांची खेळण्याची परवानगी आधीच कच्च्या धाग्याने बांधलेली असते, त्यांना पहिली दुखापत फार महागात पडते. म्हणून बायकांनी, वयाने मोठ्या माणसांनी आणि घरच्यांची समजूत काढून आलेल्या मुलींनी तरी बुटाच्या बाबतीत हयगय करू नये.

आता प्रत्यक्ष बुटाकडे वळू. पळण्याचे बूट वाईट नसतात, ते वेगळ्या कामासाठी बनलेले असतात. पळताना पाय सरळ पुढे जातो आणि पुष्कळांची टाच आधी टेकते. म्हणून त्या बुटाची टाच जाड, उंच आणि मऊ असते. वरचे कापड हलके, जाळीदार आणि सैलसर असते. हे सगळे गुण पॅडेलमध्ये अवगुण ठरतात. पाय जमिनीपासून जितका उंच, तितका तो कलंडण्याची शक्यता जास्त. बाजूला झेप घेताना मऊ सोल एका कडेने दबतो, वरचे सैल कापड पायाला धरून ठेवत नाही आणि पाय सोलच्या कडेवरून बाहेर सरकतो. पॅडेलचा बूट बुटका असतो, सोलची बाहेरची कड थोडी रुंद असते, चवड्याच्या दोन्ही बाजूंना कडक आधार असतो आणि पुढच्या टोकाला रबराचे किंवा जाड कापडाचे आवरण असते, कारण गिरकी घेताना बुटाचे टोक जमिनीवर घासते.

दुसरी गोष्ट जमिनीची. पॅडेलचे कोर्ट बहुतेक ठिकाणी आखूड कृत्रिम गवताचे असते आणि त्या गवतात बारीक वाळू पसरलेली असते. वाळूमुळे पाय थोडासा सरकतो आणि मग थांबतो. हे सरकणे गरजेचे आहे. पाय अजिबात सरकला नाही तर झटका गुडघ्याला बसतो आणि फार सरकला तर माणूस आडवा होतो. सोलवरच्या खाचांनी हा तोल सांभाळायचा असतो. माशाच्या काट्यासारख्या नागमोडी खाचा असतात त्याला हेरिंगबोन म्हणतात. वाळू जास्त असेल तिथे हा सोल चांगला, कारण खाचांतून वाळू बाहेर पडत राहते आणि पकड टिकते. दुसरा प्रकार बारीक गोल ठिपक्यांचा, त्याला ओम्नी म्हणतात. वाळू कमी असलेल्या कोर्टवर त्याने गिरकी सहज घेता येते. तिसरा दोन्हींचे मिश्रण. वेगवेगळ्या कोर्टवर खेळणाऱ्या नवख्या माणसाने हा तिसरा किंवा हेरिंगबोन घ्यावा, असे मला वाटते.

सोलचे महत्त्व पटत नसेल तर आपल्या स्कूटरचे टायर आठवा. पावसाळ्यात गुळगुळीत टायर घेऊन कुणी घाट चढत नाही. बाबोलात या कंपनीने आपल्या बुटांचे सोल तयार करताना मिशलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीची मदत घेतली, ती काही उगाच नाही. दोन्हीकडे प्रश्न तोच आहे, रबराने जमीन किती धरायची आणि कधी सोडायची.

मग घरात असलेले दुसरे बूट चालतील का? बॅडमिंटनचे बूट बाजूच्या हालचालींसाठी चांगले असतात, पण त्यांचा सोल लाकडी किंवा रबरी मॅटसाठी असतो. खाचा उथळ असल्यामुळे वाळूवर ते घसरतात. फुटबॉलचे खिळेवाले बूट याच्या उलट. ते गवतात रुततात, पाय अडकतो, शरीर मात्र वळत राहते आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. शिवाय कोर्टचे गवतही खराब होते. स्नीकरबद्दल काय बोलावे, ते फोटोसाठी असतात. एक पर्याय मात्र खरोखर चांगला आहे. मातीच्या कोर्टवर टेनिस खेळण्यासाठी जे बूट मिळतात त्यांचा सोल हेरिंगबोनच असतो आणि बाजूचा आधारही भक्कम असतो. ते निःशंक वापरावेत. खोक्यावर ‘पॅडेल’ लिहिलेले असलेच पाहिजे असा माझा अजिबात आग्रह नाही. त्या शब्दाचे वेगळे पैसे मोजू नका, सोलचे मोजा.

दुकानात गेल्यावर रंग बघण्याआधी बूट हातात घ्या. पहिली परीक्षा, ओले फडके पिळतो तसा बूट दोन्ही हातांनी पिळून बघा. सहज पिळला गेला तर परत ठेवा. दुसरी, टाच आणि टोक धरून वाकवा. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे आपली बोटे वाकतात. मधोमध घडी पडली तर तो पायाला आधार देणार नाही. तिसरी, टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबा. ती कागदासारखी आत गेली तर खेळताना टाच डगमगणार. मग बूट घाला, लेस नीट बांधा आणि दुकानातच डावी-उजवीकडे चार-पाच झटपट पावले टाका, एक गिरकी घ्या. दुकानातले लोक बघतील, बघू द्या. कोर्टवर पडल्यावर बघण्यापेक्षा हे बरे.

मापाचा मुद्दा तर अजूनच महत्त्वाचा. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडे सुजलेले असतात. आम्हा शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. खेळताना जे मोजे घालणार तेच घालून जावे. दोन्ही पाय घालून बघावेत, कारण पुष्कळांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि माप मोठ्या पायाचे घ्यायचे असते. पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे, पण टाच उचलली जाता कामा नये. शाळेतल्या मुलांना आपण ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दोन नंबर मोठे बूट घेतो. गणवेशाला ते ठीक असेल, खेळाला अजिबात नाही.

रुंदीचा विचार तर आपण करतच नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. त्यातून असे दिसले, की भारतीयांचे पाय साधारणपणे युरोपीय आणि अमेरिकी मापांना धरून बनवलेल्या बुटांपेक्षा रुंद असतात. त्यावरून ‘भा’ नावाची नवी भारतीय मापपद्धत सुचवण्यात आली. पॅडेलचे बरेचसे बूट मात्र अजून परदेशी साच्यांवरच बनतात. मग रुंद पायाचा माणूस काय करतो? लांबीचा नंबर वाढवतो. बूट आवळत नाही, पण पाय आत पुढे-मागे घसरतो आणि नखे काळी पडतात. म्हणून नंबर वाढवण्याआधी तोच नंबर रुंद साच्यात मिळतो का, हे विचारावे. इंटरनेटवरून मागवायचे असतील तर पायाखाली कागद ठेवून पेन्सिलने रेघ ओढावी, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावी. वेगवेगळ्या कंपन्यांचा सात नंबर सारखा नसतो.

बायकांसाठी आणखी एक अडथळा आहे तो दुकानदाराच्या डोक्यात. मी एका मोठ्या दुकानात गेले, टेनिसचे बूट दाखवा म्हटले. मुलाने माझ्या ओढणीकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मॅडम, मुलासाठी का?” माझ्यासाठी म्हटल्यावर तो आतून गुलाबी रंगाचे चालण्याचे बूट घेऊन आला. “हे घ्या, एकदम सॉफ्ट आहेत, आंटी लोक हेच घेतात.” मी त्याच्यासमोर ते पिळून दाखवले. तो गोंधळला, पण पुढच्या वेळी बरोबर खोके घेऊन आला. त्याच्यावर माझा राग नाही. आमच्यासारख्या बायका त्याच्याकडे खेळायचे बूट मागायला येतच नसतील, तर त्याला तरी सवय कुठून लागणार? म्हणून बहिणींनो, दुकानात जाऊन ‘चालायचे’ म्हणू नका. ‘खेळायचे’ म्हणा, आणि ते मोठ्याने म्हणा.

पैशाचा प्रश्न खरा आहे. नामांकित कंपनीचा बूट आपल्यासारख्यांच्या महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करतो. म्हणून अनेक जण ‘फर्स्ट कॉपी’कडे वळतात. तिथे कंपनीची खूण हुबेहूब असते, पण नक्कल होते ती डोळ्यांना दिसणाऱ्या भागाची. सोलचे रबर आणि आतला आधार यांची नक्कल कोण कशाला करील? त्यापेक्षा देशी कंपनीचा, साधा, पण टेनिसचा म्हणून बनलेला बूट घ्यावा. मागच्या वर्षीचे मॉडेल सवलतीत मिळते, ते घ्यावे. आणि पहिले सहा महिने रॅकेट भाड्याची वापरावी. त्यातून वाचलेले पैसे पायांत घालावेत.

काही जण म्हणतील, “आम्ही लहानपणी अनवाणी खेळलो, आम्हाला काय झाले?” हे मी आमच्या घरातही ऐकले आहे. मातीत अनवाणी लंगडी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलाचे पाय रोजच्या धावण्याने घट्ट झालेले असतात, वजन कमी असते आणि माती पायाखाली थोडी सुटते. पंचवीस वर्षे खडू आणि खुर्चीत घालवलेला पाय एकदम काँक्रीटवर अंथरलेल्या गवतावर आणून उभा केला तर हिशेब वेगळा होतो. बूट घातला म्हणजे दुखापत होणारच नाही, असेही नाही. आधी दहा मिनिटे अंग मोकळे करणे आणि घोट्याचे व्यायाम हवेतच. पण जी गोष्ट दुकानातच टाळता येते ती डॉक्टरांकडे का न्यावी?

माझा एक माजी विद्यार्थी अशाच एका कोर्टवर कामाला आहे. वाळू झाडणे, चेंडू गोळा करणे, दिवे लावणे ही त्याची कामे. रात्री शेवटचे गिऱ्हाईक गेले, की मालक त्याला अर्धा तास खेळू देतो. मुलगा चपळ आहे, काचेवरून येणारा चेंडू त्याला आमच्यापेक्षा कितीतरी चांगला कळतो. पण तो खेळतो त्या बुटांचा सोल पार गुळगुळीत झाला आहे. मी म्हटले तर म्हणाला, “टीचर, रॅकेट इथे मिळते, बूट कोण देणार?” त्याचा प्रश्न योग्य आहे. कोर्टवर रॅकेट भाड्याने मिळतात. बोलिंगच्या ठिकाणी बूटही भाड्याने मिळतात आणि लोक ते मुकाट्याने घालतात. मग पॅडेलवाल्यांनी वेगवेगळ्या मापांच्या वीस-पंचवीस जोड्या का ठेवू नयेत? नवख्यांच्या दुखापती कमी होतील, गवत टिकेल आणि खिळेवाल्या बुटांना दारातच थांबवता येईल. निदान तिथे राबणाऱ्या मुलांना तरी वर्षाला एक जोडी द्यावी. दिवसभर वाळूवर त्यांचेच पाय असतात.

मराठीत ‘पायीची वहाण पायीच बरी’ म्हणतात. ज्याची जी जागा त्याने तिथेच राहावे, असा त्याचा रोख. वहाणेला इतके खालचे मानल्यामुळेच आपण हौसेने रॅकेट मिरवतो आणि बूट उरलेल्या पैशांत घेतो. खेळात मात्र सगळे शरीर त्या वहाणेच्या भरवशावर असते.

म्हणून पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा पॅडेल खेळायला जाणार असाल तर कोर्ट ठरवताना फोनवर भाड्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा, वाळू किती आहे आणि पावसात कोर्ट ओले राहते का. आपल्या बुटांचा सोल उलटा करून बघा. चवड्याखालच्या खाचा पुसल्या असतील तर ते बूट भाजी आणायला ठेवा. खेळून आल्यावर सोल आपटून वाळू काढा आणि या बुटांनी रस्त्यावर फिरू नका, डांबर खाचा खाऊन टाकते.

आमच्या त्या आपाने या महिन्यात नवे बूट घेतले. देशी कंपनीचे, टेनिसचे, हेरिंगबोन सोलचे. सासूबाईंना तिने ते पिळून दाखवले म्हणे. अजून घरातून होकार आलेला नाही, पण खोके कपाटाच्या वर नाही, दाराजवळ ठेवले आहे.